इलेक्ट्रॉन कुठून निघाले, कुठे पोचले?

सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे निव्वळ पाठांतर, या समजुतीने कितीतरी विद्यार्थी या विषयाला दुरावतात, याची मला मनापासून हळहळ वाटते. अभिक्रियांच्या लांबलचक यादीमागे एक साधं सूत्र आहे: जिथे इलेक्ट्रॉन जास्त, तिथून ते कमी असलेल्या जागी जातात. हा प्रवास दाखवायला कर्मॅक आणि रॉबिन्सन या रसायनशास्त्रज्ञांनी १९२२ साली वक्र बाण वापरला. बाणाचं शेपूट इलेक्ट्रॉनच्या जोडीवर आणि टोक ती जोडी जिथे जाणार तिथे.

ब्रोमोमिथेन घ्या: एका कार्बनला तीन हायड्रोजन आणि एक ब्रोमीन जोडलेले. ब्रोमीन बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, म्हणून कार्बनवर किंचित धनभार येतो. इलेक्ट्रॉनने समृद्ध असा हायड्रॉक्साइड आयन (ऑक्सिजन-हायड्रोजनची ऋणभारित जोडी) त्या कार्बनवर ब्रोमीनच्या बरोबर विरुद्ध बाजूने येतो. नवा बंध जुळत असतानाच जुना तुटतो आणि वाऱ्याने छत्री उलटावी तसे तिन्ही हायड्रोजन दुसऱ्या बाजूला झुकतात. तयार होतं मिथेनॉल.

आता त्या तीन हायड्रोजनांच्या जागी तीन मिथिल गट (प्रत्येकी एक कार्बन आणि त्याला तीन हायड्रोजन) बसवा. मागून यायला वाटच उरत नाही. इथे ब्रोमीन बंधातले इलेक्ट्रॉन घेऊन, म्हणजे ब्रोमाइड होऊन, आधी निघून जातो आणि कार्बोकॅटायन, म्हणजे कार्बनवर धनभार असलेला आयन, मागे राहतो. मिथिल गट आपले इलेक्ट्रॉन थोडे त्याच्याकडे सरकवतात, म्हणून तो क्षणभर तरी तग धरतो. मग पाण्याचा रेणू त्याला जोडला जातो.

पण हे डोळ्यांना दिसत नसताना कळलं कसं? वेग मोजून! लंडनमध्ये ह्यूज आणि इनगोल्ड या रसायनशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात हेच काम चिकाटीने केलं. मला या साऱ्या विषयातला हा सर्वांत सुंदर युक्तिवाद वाटतो. पहिल्या प्रकारात हायड्रॉक्साइडची संहती (द्रावणातलं प्रमाण) दुप्पट केली की वेगही दुप्पट होतो, म्हणजे तो निर्णायक टप्प्यात सामील आहे. दुसऱ्या प्रकारात, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये अल्कली (हायड्रॉक्साइड पुरवणारा पदार्थ) विरल असेल, तर तिचं प्रमाण बदलूनही वेगात फरक पडत नाही. कारण सगळा वेळ खातो तो ब्रोमाइड सुटण्याचा टप्पा, आणि त्यात हायड्रॉक्साइड नसतोच.

अल्कली तीव्र केली की मात्र तिसरीच वाट उघडते. हायड्रॉक्साइड कार्बनच्या नादी न लागता शेजारच्या मिथिलमधला एक हायड्रोजन ओढून घेतो, ब्रोमाइड सुटतो आणि दुहेरी बंध असलेला आयसोब्युटिलीन वायू तयार होतो.