कुंपण घातलं आणि फुलपाखरू गेलं

लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू इंग्लंडमध्ये दुर्मीळ होऊ लागलं, तेव्हा सगळा संशय संग्राहकांवर होता. फुलपाखरं टाचणीला टोचून पेटीत मांडणाऱ्या हौशी मंडळींची तिथे वाण नव्हती. म्हणून १९३०च्या दशकात त्याच्या एका अधिवासाला कुंपण घातलं गेलं. संग्राहक बाहेर राहिले, पण चरणारी जनावरंही बाहेर राहिली. तिथलं फुलपाखरू संपलं, आणि १९७९मध्ये ते अख्ख्या ब्रिटनमधूनच नाहीसं झालं.

त्यामागचं कारण जेरेमी थॉमस या कीटकशास्त्रज्ञाने उलगडलं. मादी रानथाइम या बुटक्या, सुगंधी वनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी काही आठवडे कळ्या-फुलं खाते आणि मग जमिनीवर पडते. तिथे मिर्मिका वंशातली लाल मुंगी तिला आपलंच पिल्लू समजून उचलून वारुळात नेते. पुढचे दहा महिने हा पाहुणा यजमानांची पिल्लं फस्त करत वाढतो! पण मिर्मिका मुंग्यांच्या प्रजाती अनेक, आणि त्यातल्या सॅब्युलेटी या एकीच्याच वारुळात अळीचा नीट निभाव लागतो. या मुंगीला उबदार जमीन हवी असते. गवत तीनेक सेंटिमीटरच्या वर गेलं की ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही, जमीन थंड होते आणि सॅब्युलेटीच्या जागी दुसऱ्या मुंग्या येतात. वरून पाहणाऱ्याला कुरण हिरवंगार दिसतं, थाइमही फुललेलं असतं. चराई आधीच कमी झाली होती. त्यात १९५३मध्ये ब्रिटनमध्ये पोहोचलेल्या मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाच्या साथीने गवत खाणारे ससेही मेले आणि गवत माजलं. पुढे चराई पुन्हा सुरू केलेल्या जागी १९८३पासून स्वीडनमधली लार्ज ब्लू आणून सोडली गेली. आता ती तिथे नांदते आहे.

गवताळ जमिनीवरची खरी मारामारी उजेडासाठी असते. मोकळीक मिळाली की दोन-चार धिप्पाड गवतं बाकीच्यांना झाकून टाकतात. जनावराचं तोंड असो की विळा, पहिला फटका उंच वाढणाऱ्यालाच बसतो. शिवाय कापलेलं गवत उचलून नेलं की त्याच्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरसही जातो. माती गरीब राहते, त्यामुळे कोणा एकाची दादागिरी चालत नाही. एस्टोनियातल्या लाएलातूच्या कुरणात, जिथे विरळ झाडांखालचं गवत पिढ्यान्‌पिढ्या कापलं गेलं, एका चौरस मीटरमध्ये ७६ वनस्पती प्रजाती मोजल्या गेल्या आहेत. याची उलट बाजू इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात दिसते. तिथल्या कुरणात १८५६पासून वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळी खतं देण्याचा प्रयोग चालू आहे. प्रजातींची श्रीमंती बिनखताच्या तुकड्यांत आहे; नायट्रोजन भरपूर मिळालेल्या तुकड्यांत गवत उदंड, पण प्रजाती मोजक्याच.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानातला धडा जास्त कडू आहे. १९८२मध्ये तिथे चराई बंद झाली. त्यातून झालेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. म्हशी गेल्यावर पास्पालम नावाचं गवत पाणथळ भागात माजलं आणि पाणपक्ष्यांना लागणारं उघडं पाणी आक्रसत गेलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून म्हशींची ही कामगिरी स्पष्ट झाली. बंदीमागचा हेतू चांगलाच होता. पण म्हशींना ‘उपद्रव’ ठरवण्याआधी त्या तिथे काय काम करतात हे कुणीतरी तपासायला हवं होतं, असं मला वाटतं.

यावरून कुठेही गुरं सोडा, असा अर्थ निघत नाही. अतिचराईने जमीन उघडी पडते, माती वाहून जाते. कुजणाऱ्या ओंडक्यांवर जगणारे भुंगेरे आणि जुन्या खोडांवरची दगडफुलं यांना तर निवांत, न तोडलेलं जंगलच लागतं. प्रश्न किती, केव्हा आणि किती जागेत, याचा आहे.

जंगलात त्याचं एक उत्तर कॉपिसिंग या जुन्या पद्धतीत सापडतं. हेझेल, अ‍ॅश अशी झाडं बुंध्याशी तोडायची, खुंटाला धुमारे फुटू द्यायचे आणि सात ते वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा तोडायची. अशाने झाड मरत नाही, उलट खुंट शतकानुशतकं जगतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफिल्डच्या जंगलात अशी तोड १२५२पासून चालत आल्याच्या नोंदी आहेत. त्या जंगलाचे तुकडे पाडून आळीपाळीने तोड होते. नुकत्याच तोडलेल्या तुकड्यात ऊन येतं, प्रिमरोझ आणि व्हायोलेट फुलतात, व्हायोलेटवर वाढणारी फुलपाखरं येतात. डॉर्माउस या झाडांवर राहणाऱ्या छोट्या प्राण्याला मात्र तो तुकडा नको असतो. त्याला फांद्या एकमेकींत गुंतलेल्या आणि हेझेलला फळं धरलेली, दहा-पंधरा वर्षं न तोडलेली झाडी लागते. सगळं जंगल एकदम तोडलं तर डॉर्माउस जातो, अजिबात तोडलं नाही तर फुलपाखरं जातात. पूर्वी तोड तुकड्यातुकड्याने होई आणि लाकडाला गिऱ्हाईक असे, म्हणून दोघांचंही भागत होतं. आता गिऱ्हाईक उरलं नाही, त्यामुळे अशा अनेक जंगलांत हे चक्र संवर्धन संस्थांना आणि स्वयंसेवकांना चालवावं लागतं.