आठ फुटांवर छापा-काटा

७ ऑगस्ट २०२१, शनिवार. संध्याकाळी टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्रा भालाफेकीत सुवर्ण जिंकणार होता, पण त्याच दिवशी सकाळी कितीतरी भारतीय घरांत आयुष्यात पहिल्यांदाच गोल्फ लावलं गेलं होतं. टोकियोजवळच्या कासुमिगासेकीच्या मैदानावर अदिती अशोक पदकाच्या मागे होती. पार म्हणजे एका होलसाठी ठरलेले फटके आणि बर्डी म्हणजे त्यापेक्षा एक कमी, हे लोक खेळ चालू असतानाच शोधत होते. ती १५ अंडर पारवर, म्हणजे पारपेक्षा १५ फटके कमी घेऊन, चौथी आली, ब्राँझ एका फटक्याने हुकलं. तिचे ड्राइव्ह (होलच्या सुरुवातीचे लांब फटके) इतरांच्या मानाने बरेच आखूड पडत होते आणि ती सगळी कसर ती ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, पटरने भरून काढत होती.

हे पाहून हौशी गोल्फर एकच धडा घेतो: सामना ग्रीनवर जिंकला जातो, तेव्हा पटिंग, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये ढकलणं, घोटवा. धडा चुकीचा नाही, पण टीव्हीने दाखवलेला आहे. कॅमेरा आघाडीच्या खेळाडूंमागे फिरतो, आणि आघाडीवर कोण असतं? ज्यांचं पटिंग त्या आठवड्यात नेहमीपेक्षा चांगलं चाललंय असे. चाळिसाव्या क्रमांकावरच्या माणसाचे हुकलेले फटके आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

ते पोहोचले एका प्राध्यापकापर्यंत. अमेरिकेतल्या पीजीए टूरवर, म्हणजे पुरुष व्यावसायिकांच्या स्पर्धांच्या मालिकेत, प्रत्येक फटक्यानंतर चेंडू नेमका कुठे थांबला हे मोजून नोंदवतात. कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले मार्क ब्रॉडी यांनी या नोंदींवरून हिशेबाची एक साधी पद्धत बसवली. ३३ फुटांवरून होलमध्ये चेंडू घालायला व्यावसायिकाला सरासरी दोन फटके लागतात. एकातच गेला तर त्याने एक फटका कमावला, तीन लागले तर एक गमावला. आठ फुटांवरून सरासरी आहे दीड. पहिल्याच फटक्यात गेला तर अर्धा कमावला, दुसऱ्यात गेला तर अर्धा गमावला. असंच अंतर-अंतर धरून ड्राइव्हपासून शेवटच्या फटक्यापर्यंत सगळ्यांची किंमत काढता येते. २०११ पासून पीजीए टूर पटिंगची आकडेवारी याच पद्धतीने देते.

आठ फुटांवर सरासरी दीड, म्हणजे जगातले सर्वोत्तम गोल्फरही तिथून साधारण निम्म्या वेळाच चेंडू आत घालतात. नाणं उडवल्यासारखं. २० फुटांवरून तर शंभरात पंधराएक वेळा. हे कळल्यावर आठ फुटांवरून हुकला म्हणून पटर आपटणाऱ्या आपल्या मित्राचं मला आता नवल वाटतं. (मित्र म्हणतोय, पण तो दर वेळी मित्रच होता असं नाही.) लांबून व्यावसायिक खेळाडू आधी वेग जुळवतो, म्हणजे हुकलाच तर दुसरा फटका हातभराचा उरेल.

ब्रॉडींच्या हिशेबात अव्वल खेळाडू इतर व्यावसायिकांपेक्षा जेवढा पुढे असतो, त्यातला पटिंगचा वाटा फक्त १५ टक्क्यांच्या आसपास निघाला. सुमारे दोन तृतीयांश आघाडी होलपासून १०० यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांतून येते. स्पर्धा जिंकणाऱ्यांचं त्या-त्या आठवड्यापुरतं पाहिलं, तर मात्र पटिंगचा वाटा ३५ टक्क्यांच्या घरात जातो. टीव्ही पाहणाऱ्याचा गैरसमज नेमका इथून येतो. वर्षभराचं गणित लांब फटक्यांचं, आणि शेवटच्या फेरीची, रविवारची संध्याकाळ पटरची.

मग लांब फटके शिकायचे कोणाकडून? पुरुष व्यावसायिकाचा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब (काठी), ताशी १८० किलोमीटरच्या वेगाने चेंडूवर येतो. तो पुरुष वेगळ्याच देहाचा आणि वेगळ्याच दिनक्रमाचा असतो, त्याची नक्कल करताना कंबर धरते. हौशी पुरुषाचा वेग ताशी दीडशेच्या आसपास असतो, आणि एलपीजीए टूरवरच्या स्त्रियांचाही जवळपास तेवढाच. तरीही त्यांचा चेंडू त्याच्यापेक्षा लांब जातो. माझ्या मते हौशी पुरुषांनी पुरुषांचं गोल्फ पाहण्यात फार वेळ घालवू नये.

या स्त्रियांच्या जास्तीच्या अंतराला दोन कारणं आहेत. क्लब आणि चेंडूचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. चेंडू क्लबच्या मध्यावर बसला तर त्याचा वेग क्लबच्या वेगाच्या दीडपटीला टेकतो. टोकाकडे बसला तर क्लबचं डोकं हातातल्या हातात वळतं आणि ऊर्जा तिथेच वाया जाते. त्यातच या स्त्रिया टीवरच्या (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरच्या) चेंडूला सरासरी तीनेक अंश वरच्या दिशेने जाणाऱ्या क्लबने मारतात. त्यामुळे चेंडू उंच सुटतो, फिरकी कमी राहते आणि तो हवेत जास्त वेळ तरंगतो.

जमिनीवरच्या चेंडूचं नेमकं उलटं. तिथे आयर्न (धातूच्या तिरक्या पात्याचा क्लब) खाली येतानाच चेंडूला लागतो आणि त्यानंतर गवत उडतं. पुढच्या वेळी टीव्हीवर पाहा, मातीचा तुकडा नेहमी चेंडूच्या जागेच्या पुढून निघालेला असतो. आपला मागून निघतो, कारण आपण चेंडू उचलायला जातो. उचलायचं काम क्लबच्या पात्याचा तिरका कोन करतोच.

नजरेचाही एक धडा आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या जोन विकर्स यांनी १९९२ मध्ये पटिंग करणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. कसलेल्या खेळाडूंची नजर फटक्याआधी दोन-तीन सेकंद चेंडूच्या एकाच बिंदूवर खिळलेली होती आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर त्या रिकाम्या जागेवरच राहिली. नवखे होल आणि चेंडू यांच्यात ये-जा करत राहतात. पैसा न लागणारी ही एकमेव सुधारणा असावी.

आणि एक गोष्ट व्यावसायिकांकडून मुळीच शिकू नये. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइट्झर या अभ्यासकांनी पीजीए टूरवरचे पंचवीस लाखांहून अधिक पटिंगचे फटके तपासले. अंतर तेवढंच असताना खेळाडू पार वाचवण्यासाठीचा फटका बर्डीसाठीच्या फटक्यापेक्षा दोनेक टक्के जास्त वेळा आत घालतात. बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) झाली तर काहीतरी हातचं गेलं असं वाटतं, म्हणून तिथे जीव ओततात. बर्डी हुकली तरी पार आहेच, म्हणून तिथे हात जरा आखडतो. कार्डावर दोन्हींची किंमत एकच फटका. या अभ्यासात टायगर वुड्सही होता, आणि तोही अपवाद निघाला नाही.