भाकरी अर्धी, गोळी तेवढीच

‘सोमवारपासून भात-पोळी बंद’ हा मधुमेहींचा लाडका निश्चय. त्याने साखर खरंच उतरते, तीही पहिल्या दिवसापासून, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. गोळी ठरली तेव्हा ताटात तीन भाकरी होत्या. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. आता एकच भाकरी उरली, पण गोळी तेवढीच.

आपल्याकडे सर्रास मिळणारी ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी उदाहरणादाखल पाहा. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीच्या पटलात पोटॅशियमची दारं असतात. रक्तात साखर कमी असताना ती उघडी राहतात, पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि पेशी शांत बसते. जेवल्यावर ग्लुकोज पेशीत शिरतं, जळतं, एटीपी (पेशीतलं ऊर्जा पुरवणारं द्रव्य) वाढतं आणि ही दारं मिटतात. पोटॅशियम आत अडकलं की पटलावरचा उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपासचा विद्युतदाब शून्याकडे सरकतो, मग कॅल्शियमची दारं उघडतात. आत शिरलेल्या कॅल्शियममुळे इन्सुलिनच्या पुटिका (इवल्या पिशव्या) बाहेर रित्या होतात. ग्लिमेपिराइड पोटॅशियमच्या दाराच्या चौकटीलाच चिकटते आणि एटीपीची वाट न बघता दार लावून टाकते. जेवण किती आलं, ती विचारत नाही. शिवाय असर जवळपास दिवसभर. रात्री नुसती कोशिंबीर खाऊन पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला निघालेल्याला अर्ध्या वाटेवर घाम फुटतो, हात थरथरतात, ते यामुळे.

साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. पेढा नको, त्यातल्या तुपामुळे साखर सावकाश चढते. गोळीत व्होग्लिबोज हे दुसरं औषध मिसळलेलं असेल, तर घरची साखरही लवकर चढत नाही, कारण ती फोडणारं विकरच या औषधाने अडवलेलं असतं. तिथे ग्लुकोज पावडरच हवी.

डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या गोळीचा धोका निराळा. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. कर्बोदकंही तोडली की इन्सुलिन खाली जातं, शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं) साचून आम्लता वाढू शकते. ग्लुकोमीटर तेव्हा फारसा मोठा आकडा दाखवत नाही, म्हणून उलट्या आणि धाप यांना लोक ‘पित्त’ म्हणतात.

(जांभळाच्या बियांची पूड विकणारेही सोबत भात सोडायला सांगतात. श्रेय मात्र पुडीला!)

आता धोरण. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या ताटाला २५० ग्रॅम तृणधान्यं आणि ८५ ग्रॅम डाळी आहेत. एवढ्या धान्यातच सुमारे १७५ ग्रॅम कर्बोदकं येतात. ‘लो-कार्ब’ म्हणजे सहसा दिवसाला १३० ग्रॅमच्या आत; म्हणजे हे ताट तसं नाही, आणि ते सर्वसाधारण निरोगी माणसासाठीच आखलेलं आहे. अन्नसुरक्षा कायद्याचं रेशन दरडोई महिन्याला ५ किलो, म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम. ते काही जास्त नाही. पण त्या कायद्याच्या हक्कात डाळ नाही, मग भात काढून ताटात घालायचं काय? आहारतक्ता देणाऱ्या आरोग्य केंद्राने त्याच कागदावर गोळीचा रकानाही ठेवावा. ग्लिमेपिराइड बहुधा निम्मी करावी लागते किंवा थांबवावी लागते, डापाग्लिफ्लोझिन बंद करावी लागते, मेटफॉर्मिन बहुतेकदा चालू राहते. हे डॉक्टरांनी ठरवायचं, भाकरी कमी करण्याच्या आदल्या दिवशी. नंतर दोन आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहून ती वही दाखवायची.