खुब्याचं फ्रॅक्चर आणि स्पायनलच्या आधीचं वेदनाशमन

खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं की ऑपरेशनला बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, त्याला स्पायनल म्हणतात. पण ती सुई कमरेच्या मणक्यांच्या फटीत घालायची तर पेशंटला पाठ वाकवून बसवायला लागतं नाहीतर कुशीवर वळवायला लागतं, आणि मोडका पाय जरासा हलला तरी ब्रह्मांड आठवतं. म्हणून त्याच्या आधीच दुखणं मारायचं, हा सगळा त्यासाठीचा खटाटोप.

कोकणात हे फ्रॅक्चर बहुतेक म्हाताऱ्या माणसांना, त्यातही बायकांना होतं. हाडं ठिसूळ झालेली, पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, न्हाणीतली ओली फरशी, आणि पोरं मुंबईला. मग खुर्चीत बसवून चार जणांनी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरवायची, रिक्षा किंवा १०८, पुढे जिल्हा रुग्णालय, सावंतवाडी-दोडामार्गकडचे तर सरळ गोव्यात बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठतात. या सगळ्या प्रवासात पाय लोंबत असतो. पायाला उशी-फळीचा आधार आणि पॅरासिटामॉल एवढं तरी आधीच मिळायला हवं. डायक्लोचं (डायक्लोफिनॅक, एक वेदनाशामक) इंजेक्शन सर्रास ठोकतात, पण म्हातारपणी किडनीला ते जड जातं. ट्रॅमाडॉल या जास्त जोरदार वेदनाशामकाने उलट्या होतात, कधीकधी आजी बरळायला लागतात, अर्थात दुखणं तसंच अंगावर काढलं तरी बरळतात, हे कोणी लक्षात घेत नाही. पायाला वजन लावून ठेवायची जुनी पद्धत अजून आहे, तिने दुखणं कमी होतं असं काही सिद्ध झालेलं नाही.

खरा उपयोग होतो तो नर्व्ह ब्लॉकचा, म्हणजे पायाच्या नसांजवळ औषध सोडून त्या बधिर करायच्या. जुना म्हणजे मांडीच्या पुढच्या मोठ्या नसेचा फीमोरल नर्व्ह ब्लॉक, मग जांघेतल्या स्नायूवरच्या पडद्याखाली औषध सोडायचा फॅशिया इलियाका ब्लॉक, तो १९८९ मध्ये आधी लहान मुलांसाठी सांगितला गेला. २०१८ मध्ये पेंग ब्लॉक आला, त्यात फक्त सांध्याकडे जाणाऱ्या नसांच्या बारीक फांद्या बधिर करतात, त्यामुळे मांडीची ताकद बरीचशी टिकते. जांघेत सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की हाडावर सोआस या कमरेतून मांडीकडे येणाऱ्या स्नायूची दोरी (टेंडन) दिसते, औषध नीट जागी पडलं की ती दोरी हळूहळू वर उचललेली दिसते. साधारण २० मिली रोपिवॅकेन किंवा ब्युपिवॅकेन, ही बधिर करायची औषधं, वजन बघून. मग १५-२० मिनिटं थांबायचं, आणि घाईच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नेमकं हेच थांबणं होत नाही, ब्लॉक देऊन लगेच पेशंटला वळवायला घेतात आणि वर म्हणतात ब्लॉक चालला नाही. सोनोग्राफी मशीन मोकळं नसेल तर थोडं फेंटानिल किंवा केटामिन, अशी शिरेतून द्यायची जोरदार वेदनाशामकं देऊन, श्वासावर नजर ठेवून निभावतात.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, क्लोपिडोग्रेल वगैरे चालू असतील तर भूलतज्ज्ञांना पहिल्यांदा तेच सांगायचं, गोळ्यांची पाकिटं सोबत न्यायची, कारण त्यावर स्पायनल द्यायची की नाही ते ठरतं.

स्पायनल काही तासांत उतरते, ब्लॉक बहुतेक त्याच्याही पुढे टिकतो. फीमोरल किंवा फॅशिया इलियाका दिला असेल तर तोवर गुडघा दगा देऊ शकतो, म्हणून फिजिओवाले वॉकर घेऊन उभं करायला आले की आधी ते सांगायचं.