ड्रॉप फ्रेममध्ये एकही फ्रेम गळत नाही

‘ड्रॉप फ्रेम टाइमकोड ठेवलास तर चित्राच्या फ्रेम गळतात’ हे एडिटिंग शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ते चूक आहे. टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा क्रमांक; गळतात ते फक्त त्यातले आकडे.

सेकंदाला २९.९७ फ्रेमच्या व्हिडिओत पूर्ण ३० फ्रेम भरत नाहीत, किंचित कमी पडतात. मोजणी मात्र ३० नेच होते. त्यामुळे खरा एक तास उलटला तरी नॉन-ड्रॉप, म्हणजे एकही आकडा न वगळणारा, टाइमकोड ००:५९:५६:१२ वरच असतो, म्हणजे १०८ फ्रेम मागे. हा फरक भरून काढायला ड्रॉप फ्रेम प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीचे ०० आणि ०१ हे दोन आकडे वगळतो, दर दहावं मिनिट सोडून. ००:००:५९;२९ नंतर थेट ००:०१:००;०२ येतं. चित्र सलग चालू असतं.

या गैरसमजापायी लोक अख्खं फुटेज पुन्हा कन्व्हर्ट करतात, याचं मला फार वाईट वाटतं. वेळही जातो, बहुतेकदा क्वालिटीही. खरी गडबड बहुधा मेटाडेटात, म्हणजे फाइलबद्दलच्या नोंदींत असते. क्विकटाइम फाइलच्या टाइमकोड ट्रॅकमध्ये ड्रॉप की नॉन-ड्रॉप हे सांगणारी एक खूण असते. ती चुकली की रीलिंक करताना, म्हणजे एडिटला फाइल पुन्हा जोडताना, शॉट सरकतात, आणि तासाच्या खुणेपाशी ते बरोब्बर १०८ फ्रेम पुढेमागे जातात. असा आकडा दिसला तर चित्राला हात लावू नका. मूळ फाइलची कॉपी घ्या, त्यात ती खूण दुरुस्त करा, तीही एडिट सुरू करण्याआधी. २५ फ्रेमच्या कामात हा प्रश्नच येत नाही.