हातचे पाच जातात कुठे?

"शायेत जायाची येळ झाली का याचं पोट दुखते. इतवारी मातर मस्त हुंदडते." यवतमाळ जिल्ह्यात केळापूर तालुक्यातल्या एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, एक आई मला सांगत होती. पोरगं सहावीत. दोनदा उतारा झाला, गळ्यात ताईतही आला. फक्त शाळेच्या दिवशी दुखणारं पोट ताईताने बरं होत नाही, आणि तोवर पोराचे महिने वाया जातात.

शाळेत त्याला 'जंगली' म्हणतात, त्याची चप्पल लपवतात, खिचडी खाताना कुणी शेजारी बसत नाही. घरी तो कोलामी बोलतो. ती द्रविड कुळातली भाषा, त्यामुळे मराठीत उत्तर जुळवायला त्याला जरा वेळ लागतो. तेवढ्यात 'ढ'चा शिक्का बसतो. मी त्याला वेचणीचा हिशेब विचारला. आईचा कापूस ३७ किलो, किलोला ८ रुपये. "२९६," तो लगेच म्हणाला. फळ्यापुढे मात्र असलाच गुणाकार त्याला सुटत नाही.

सात आठे छप्पन्न, सहा मांडले, हातचे पाच. हे पाच आपण कार्यकारी स्मृतीत धरून ठेवतो. कपाळामागचा मेंदू हे काम सांभाळतो आणि तिथे एका वेळी तीन-चारच गोष्टी मावतात. मागच्या बाकावरून 'ए जंगल्या' कानावर आलं, की मेंदूतला बदामाएवढा अमिग्डाला धोक्याची खूण देतो. मग मेंदूतलाच हायपोथॅलॅमस हा भाग सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, त्यामुळे मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, ते रक्तातून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सुटतं. ही तयारी संकटाला तोंड द्यायची, हातचा सांभाळायची नव्हे. कोण हसलं, आता काय म्हणतील, यातच त्या तीन-चार जागा भरतात आणि पाच गळून पडतात. सीआरएचमुळेच जठराचं काम मंदावतं, मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणजे पोट खरंच दुखतं, पोरगं ढोंग करत नाही. एरवी वाढलेलं कॉर्टिसॉलच मेंदूला 'आता पुरे' असं कळवतं. धाक रोजचाच झाला, की हा लगाम बिघडू लागतो.

नुसत्या शिक्क्याने एवढं होतं का? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना वाट शोधायची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नाही, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं बरोबरीने सोडवत होती. नाव, गाव आणि जात सगळ्यांपुढे वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची सुटलेली कोडी सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. कुणी शिवी दिली नव्हती. अशा प्रकारच्या सगळ्याच प्रयोगांत परिणाम इतका ठळक दिसलेला नाही, हेही खरं. पण हा प्रयोग आपल्याकडच्या जातीचा, आपल्यासारख्याच खेड्यांतला आहे, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

आणि तरी शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना "आदिवासी कोणकोण, हात वर करा" असं भर वर्गात विचारलेलं मी ऐकलं आहे. त्या पोराने हात अर्धाच वर केला होता. पुढचा तास गणिताचा होता. जातीची ती नोंद शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, आधीपासून असते. कपाट उघडून तिथून उतरवून घेता येते.