सुटा चोक घेण्यापूर्वी : ट्रॅप आणि स्कीट नेमबाज ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे बारा बोअरच्या शॉटगनसाठी ब्राइली, टीग, कार्लसन अशा कंपन्यांचे सुटे चोक मिळतात, आणि बंदुकीबरोबर आलेले चोक काढून हे बसवले तर गुण वाढतील का, असे ग्राहक नेहमी विचारतात. आमचे उत्तर असे आहे की काही ठराविक बंदुकांत फरक पडतो, तो मोजता येतो, आणि तो मोजून पाहिल्याशिवाय आपण खर्च करू नये. हे माहितीपत्रक त्या मोजणीविषयी आहे.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेले आकुंचन; ते जितके घट्ट, तितके छर्रे कमी पसरतात. कल्पना जुनी आहे. काढता-घालता येणाऱ्या चोकचे पेटंट अमेरिकेत सिल्व्हेस्टर रोपर यांनी १८६८ सालीच घेतले होते. बारा बोअरच्या नळीचा आतील व्यास नाममात्र १८.५ मिलिमीटर असतो आणि फुल चोकमध्ये तो तोंडाशी सुमारे १ मिलिमीटरने कमी होतो. आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश पद्धतीत याचे चार भाग पाडतात : पाव म्हणजे पाव मिलिमीटर, अर्धा म्हणजे अर्धा, पाऊण म्हणजे पाऊण. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द येथे शब्दशः खरे आहेत, त्यामुळे मराठी माणसाला हे कोष्टक पाठ करावे लागत नाही. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडतात यावरून चोकची प्रत ठरते. उघड्या सिलिंडर, म्हणजे आकुंचन नसलेल्या, नळीचे ४० टक्के, अर्ध्या चोकचे ६० टक्के आणि फुल चोकचे ७० टक्के छर्रे त्या वर्तुळात पडावेत असे मानले जाते.

आता हे आकडे क्लेला, म्हणजे ट्रॅप आणि स्कीट या खेळांत हवेत उडवून जिच्यावर नेम धरतात त्या तबकडीला, लावून पाहू. ट्रॅपच्या काडतुसात २४ ग्रॅम शिसे असते आणि छर्रा २.४ मिलिमीटरचा असेल तर छर्ऱ्यांची संख्या ३०० च्या आसपास भरते. अर्ध्या चोकने त्यातले १८० छर्रे वर्तुळात पडले, तर सरासरी २५ चौरस सेंटिमीटरला एक छर्रा येतो. ट्रॅपचा क्ले ११ सेंटिमीटर रुंद आणि साधारण अडीच सेंटिमीटर उंच असतो, तो आपल्यापासून दूर जात असतो आणि बहुतेक वेळा त्याची कडच दिसते. ती कडही जेमतेम २५ चौरस सेंटिमीटरची. म्हणजे नेम अचूक असूनही सरासरी एकच छर्रा लागतो, आणि सरासरी एक याचा अर्थ कधी दोन, कधी तीन आणि कधी एकही नाही. फुल चोकने एका छर्ऱ्यामागचे क्षेत्र २२ चौरस सेंटिमीटरवर येते. म्हणून ऑलिंपिक पद्धतीच्या ट्रॅपमध्ये प्रत्येक क्लेवरच्या पहिल्या बाराला पाऊण आणि दुसऱ्या बाराला फुल ही जोडी रूढ झाली. स्कीटमध्ये गणित उलटे होते. तेथे क्ले २० मीटरच्या आसपास आडवा जातो, आणि २० यार्डांवर सिलिंडर नळीचा पसारा साधारण ८० सेंटिमीटर असतो, तर फुल चोकचा साधारण ४०. तेथे घट्ट चोक लावणे म्हणजे आपल्या चुकीला मिळणारी सूट आपणच निम्मी करणे होय.

यावरून दिसेल की चोक किती घट्ट आहे याला महत्त्व आहे. चोक कोणी बनवला याला तितके नाही. अडचण अशी की चोकवर लिहिलेली प्रत आणि प्रत्यक्ष आकुंचन या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. आकुंचन म्हणजे नळीचा व्यास वजा चोकचा व्यास. आणि बारा बोअर म्हणून विकल्या जाणाऱ्या नळ्यांचा व्यास १८.३ पासून १८.८ मिलिमीटरपर्यंत आढळतो. चोकच्या तोंडाचा व्यास १७.९ मिलिमीटर असेल तर १८.४ च्या नळीत तो अर्धा चोक ठरतो आणि १८.६५ च्या नळीत तोच पाऊण होतो. गेल्या पावसाळ्यात एका ग्राहकाने बाहेरून आणलेला पाच चोकांचा संच आम्ही गेजने मोजला, तेव्हा पाव आणि अर्धा असे कोरलेल्या दोन चोकांच्या व्यासात ०.०५ मिलिमीटरचाही फरक नव्हता. ते गृहस्थ वर्षभर क्लेचे अंतर पाहून हे दोन चोक आलटून पालटून लावत होते, आणि कोणता चांगला याबद्दल त्यांचे मतही ठाम होते. खुणांबाबत आणखी एक सूचना : अनेक इटालियन चोकांच्या कडेला खाचा असतात, आणि त्यांत एक खाच म्हणजे फुल, पाच खाचा म्हणजे सिलिंडर. अधिक खाचा म्हणजे अधिक घट्ट, असे समजून उलटा चोक लावलेली बंदूक आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिली आहे.

मोजमाप झाल्यावर कागद. रेंजवर चार फूट रुंदीचा कागद ताणून लावावा, मध्यभागी ठिपका काढावा आणि आपण क्ले ज्या अंतरावर फोडता त्याच अंतरावरून बार काढावा. जलद मारणारा ट्रॅप नेमबाज पहिला बार ३२ मीटरवर काढत असेल तर त्याने ४० यार्डांचे अंतर धरून बसण्यात अर्थ नाही. एका कागदावरून मात्र काहीही ठरवू नये. तीच बंदूक, तोच चोक आणि त्याच पेटीतले काडतूस असूनही एका कागदावर १७० छिद्रे आणि पुढच्यावर १९० निघतात. हा निव्वळ योगायोगाचा चढउतार आहे. कंपनीच्या जाहिरातीत सांगितलेला तीन टक्क्यांचा फरक म्हणजे ३०० पैकी ९ छर्रे, आणि तो या चढउतारात सहज हरवतो. निदान पाच, शक्य असल्यास दहा कागदांची सरासरी काढावी. हे काम कंटाळवाणे आहे, खांदा दुखतो आणि काडतुसे संपतात, पण याला पर्याय नाही.

कागद लावतानाच काडतूस बदलूनही पाहावे. छर्ऱ्यात अँटिमनीचे प्रमाण अधिक असेल तर तो कठीण राहतो, नळीत कमी चेपतो आणि सरळ जातो. मऊ छर्रा चपटा होऊन बाजूला फाकतो. त्यामुळे खडकीच्या कारखान्याचे शक्तिमान काडतूस आणि आयात केलेले ट्रॅपचे काडतूस एकाच चोकमधून वेगळा पॅटर्न, म्हणजे कागदावरची छर्ऱ्यांची वेगळी मांडणी, देऊ शकतात. सराव एकाने आणि स्पर्धा दुसऱ्याने करणार असाल तर दोन्हींचे कागद काढावेत. छर्ऱ्याच्या क्रमांकावर विसंबू नये, मिलिमीटर पाहावेत : ब्रिटिश ७ क्रमांक आणि अमेरिकी साडेसात क्रमांक हा एकच २.४ मिलिमीटरचा छर्रा आहे.

मग बाहेरच्या चोकचा उपयोग कोठे आहे? पहिला उपयोग मधल्या मापांचा. बंदुकीबरोबर तीन किंवा पाच चोक मिळतात, तर बाहेरच्या काही कंपन्या आकुंचन ०.१२ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी देतात, आणि कागदावर अर्धा सैल व पाऊण घट्ट ठरला तर मधला चोक खरोखर उपयोगी पडतो. दुसरा उपयोग म्हणजे आपल्या नळीच्या मोजलेल्या व्यासाला जुळणारा चोक मिळणे. तिसरा साधा पण रोजचा : नळीबाहेर डोकावणारा लांब चोक हाताने फिरवता येतो, आणि बंदूक रॅकवर आपटली तर पोचा चोकला येतो, नळी वाचते. जाळीदार, म्हणजे भोके पाडलेल्या चोकबद्दल आमचे मत फारसे अनुकूल नाही. २४ ग्रॅमच्या काडतुसात त्या भोकांमुळे धक्का जाणवण्याइतका कमी होतो असे आम्हाला आढळले नाही. आवाज शेजारच्या नेमबाजाच्या कानाकडे वळतो आणि भोकांत काजळी साचते. तरीही कोणास हवा असल्यास आम्ही देतो, मात्र स्पर्धेची नियमपुस्तिका आधी पाहून घ्यावी.

चोक बसवताना आट्यांची खात्री करणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण येथे चूक झाली तर नुकसान नळीचे होते. एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांचे आटेही वेगळे असतात : बेरेटाचे मोबिलचोक, ऑप्टिमाचोक आणि ऑप्टिमाचोक एचपी हे तीन स्वतंत्र प्रकार आहेत आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. चोक पूर्ण आवळल्यावर त्याची आतली मागची कड नळीच्या आतल्या पृष्ठभागाच्या किंचित खाली दबलेली असली पाहिजे. ती तसूभरही वर आलेली असेल तर छर्रे आणि वॅड (काडतुसातील छर्ऱ्यांमागचे बूच) तिच्यावर आदळतात आणि चोक फाटून नळीही फुगू शकते. बंदूक उघडून, दोन्ही कोठ्या रिकाम्या असल्याची खात्री करून, मागून बॅटरीचा उजेड टाकून ही कड पाहता येते. चोक न लावता एकही बार काढू नये. दर २५ क्लेच्या फेरीनंतर चोक सैल झाला नाही ना हे पाहावे, अर्थात बंदूक रिकामी करूनच. कोकणातील ग्राहकांनी पावसाळ्यात महिन्यातून एकदा चोक काढून आटे पुसावेत आणि ग्रीसचा पातळ हात द्यावा. गंजून बसलेला चोक काढताना पान्याने खाचा तुटतात आणि मग लेथवरचे काम निघते.

एका ग्राहकाचा पहिला बार सतत डावीकडे जात होता आणि त्यांनी त्यासाठी दस्ताही बदलून घेतला होता. कागदावर पॅटर्नचा मध्य ठिपक्यापासून २० सेंटिमीटर डावीकडे निघाला. त्यांनी लावलेला स्वस्त चोक मध्यरेषेशी समांतर कापलेलाच नव्हता. मूळ कंपनीचा चोक परत लावल्यावर पुढील पाच कागदांत मध्य ठिपक्याजवळच राहिला.

शस्त्र अधिनियम, १९५९ मधील अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, म्हणून परदेशातून चोक परस्पर मागवण्यापूर्वी आमच्याशी किंवा आपल्या परवाना शाखेशी बोलून घ्यावे. मोजणीसाठी येताना बंदूक रिकामी व पेटीत ठेवून, मूळ परवान्यासह आणावी आणि आपल्याकडील सर्व चोक बरोबर आणावेत. दोन्ही नळ्यांचे आणि प्रत्येक चोकचे माप आम्ही एका कार्डावर लिहून देतो. त्यासाठी शुल्क घेत नाही आणि चोक आमच्याकडूनच घ्यावा अशी अटही नाही. कागद काढून झाले असतील तर तेही गुंडाळी करून आणावेत, आणि प्रत्येकावर अंतर, चोक व काडतुसाचे नाव लिहिलेले असावे.